टॅब बंद पडला, तरी शिक्षण बंद पडू नये

घरोघरी विज्ञान



दहावी-बारावीचे निकाल लागले की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घरोघरी कागदपत्रांची धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक! एकेका कागदासाठी घोडेगावला किंवा जुन्नरला हेलपाटे घालावे लागतात. मिळालेल्या कागदाचे छायाचित्र काढून ते घरातल्या सात-आठ इंची टॅबमध्ये ठेवले जाते. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच टॅबवरून भरला जातो. मुलीचे धडे त्यातच, लग्नाचे फोटो त्यातच आणि थकलेल्या आजीने जात्यावर म्हटलेल्या बाबासाहेबांच्या ओव्याही त्यातच. आणि नेमका अर्जाच्या मुदतीच्या आठवड्यात हा टॅब कंपनीच्या चिन्हावर अडकून बसतो. तासभर वाट पाहिली तरी पुढे सरकत नाही.

मग दुकानात न्यावा तर उत्तर मिळते, "बोर्ड गेला, नवाच घ्या." कांद्याच्या काढणीला नाहीतर टोमॅटोच्या तोडणीला रोजाने जाणाऱ्या माउलीने नवा टॅब कोठून आणावा? म्हणून आज या सदरात बिघडलेला टॅब संगणकाच्या साहाय्याने कारखान्यातून आला त्या मूळ स्थितीत कसा आणायचा, याची माहिती देत आहे. मात्र मूळ स्थितीत आणणे म्हणजे आतले सारे पुसून टाकणे होय, हे आधीच ध्यानात घ्यावे. काय पुसायचे आणि त्याआधी काय वाचवायचे, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

गरिबाच्या घरात टॅब कसा आला, हेही थोडे पाहू. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने दिल्लीत 'आकाश' हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब जाहीर केला. त्याची स्मृती अवघी २५६ मेगाबाइटची होती. तो फार संथ चालतो अशा तक्रारी आल्या. मग पवईच्या आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारलेला 'आकाश-२' आला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले. पुढे २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ऐपत असो वा नसो, अनेक घरांना मुलांसाठी नवे-जुने टॅब घ्यावे लागले.

यंत्र दिले, पण ते सांभाळण्याची विद्या दिली नाही, तर काय होते? आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी ते दाखवून दिले. २०१९ मध्ये त्यांना सरकारी मोबाइल मिळाले. दोन गिगाबाइट रॅमचे ते यंत्र कामाच्या ओझ्याने अडू लागले, तापू लागले. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येऊ लागला. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर त्यांनी हे मोबाइल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. त्यात मोठा बोध आहे. यंत्र अडले की आपल्या माणसाला प्रथम वाटते, 'माझ्याच हातून काही बिघडले. मला इंग्रजी येत नाही ना!' हा न्यूनगंड आधी टाकून दिला पाहिजे. कमी स्मृतीचे यंत्र भरले की अडणारच. तो वापरणाऱ्याच्या अडाणीपणाचा पुरावा नव्हे.

आता उपायाकडे वळू. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, की कोणी सांगतो म्हणून, अथवा सांगणारा जाणता दिसतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. 'बोर्ड गेला' हे वाक्यसुद्धा असेच पारखून घ्यावे.

पहिली परीक्षा डोळ्यांनी करावी. टॅबची पाठ फुगली आहे काय? फुगली असेल तर बॅटरी खराब झाली आहे. असा टॅब चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये. आग लागण्याचा धोका असतो. पडदा फुटला असेल, चार्जिंगच्या छिद्रात ओल किंवा माती गेली असेल, तर कितीही पुसापुशी केली तरी गुण येणार नाही. भीमाशंकर-आहुपेच्या पट्ट्यातला पावसाळा आपल्याला ठाऊकच आहे. अशा वेळी छिद्र कोरडे करून, दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून पाहावा.

दुसरी परीक्षा सक्तीने बंद-चालू करण्याची. चालू-बंदचे बटण दहा ते तीस सेकंद दाबून धरावे. सॅमसंगच्या टॅबमध्ये त्याच्याच जोडीने आवाज कमी करण्याचे बटणही धरावे लागते. पुष्कळदा टॅब एवढ्यावरच शुद्धीवर येतो आणि मग पुसण्याची गरजच उरत नाही.

टॅब थोडा तरी चालत असेल, तर तीच वाचवण्याची वेळ समजावी. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून मायदेशी निघाले, तेव्हा त्यांचे सामान आणि जमवलेली पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. पाणतीर लागून ती बोट बुडाली. सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये बाबासाहेबांना मिळाले, पण बुडालेले ग्रंथ काही परत आले नाहीत. बाबासाहेबांच्या हाती त्या वेळी दुसरा उपाय नव्हता. आपल्या हाती आहे, आणि तोही साध्या पेनड्राइव्हचा!

टॅब केबलने संगणकाला जोडावा, पडद्यावर 'फाइल ट्रान्सफर' निवडावे आणि फोटोंचा 'डीसीआयएम' फोल्डर, 'डाउनलोड' फोल्डर, ध्वनिमुद्रणे आणि व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ संगणकावर उतरवून घ्यावेत. बोटाचा स्पर्श चालत नसेल पण पडदा दिसत असेल, तर 'ओटीजी' नावाची छोटी जोडणी लावून संगणकाचा माउस टॅबला जोडता येतो, आणि बाणाने काम भागते. उतरवलेली प्रत एका ठिकाणी ठेवू नये. एक पेनड्राइव्हवर आणि एक आपल्या ई-मेलमध्ये किंवा नात्यातल्या विश्वासू माणसाच्या संगणकावर असावी. दाखले पुन्हा काढता येतात, फक्त हेलपाटे पडतात. आजीचा आवाज कोणत्याही कचेरीतून पुन्हा मिळत नाही.

यानंतर रिकव्हरीची पायरी. टॅब पूर्ण बंद करून आवाज वाढवण्याचे आणि चालू करण्याचे बटण एकत्र दाबून धरले, की बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्ये इंग्रजी ओळींची एक यादी येते. अँड्रॉइड ११ नंतरच्या अनेक सॅमसंग टॅबमध्ये ही यादी येण्यासाठी टॅब आधी केबलने संगणकाला जोडलेला असावा लागतो. हे माहीत नसल्याने पुष्कळ लोक बटणे दाबून दाबून थकतात. यादीत 'वाइप कॅश पार्टिशन' ही ओळ असेल तर ती आधी वापरावी. तिने फोटो किंवा कागद जात नाहीत, केवळ तात्पुरता साठा जातो. तरीही टॅब अडलेलाच राहिला, तरच 'वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट' ही ओळ निवडावी. तिने सर्व काही पुसले जाते.

एवढ्यानेही भागले नाही, म्हणजे टॅब कंपनीच्या चिन्हापुढे जातच नसेल, तर आतली मूळ प्रणालीच बिघडली असे समजावे. ती संगणकावरून नव्याने भरावी लागते. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. टॅबच्या मुख्य चिपमध्ये कारखान्यातच एक छोटीशी आज्ञावली कायमची कोरलेली असते. वरची सारी प्रणाली नष्ट झाली तरी ती पुसली जात नाही. ठरावीक बटण दाबून केबल जोडली, की ती जागी होते आणि संगणकाचे ऐकू लागते. म्हणून काळा पडदा दाखवणारा टॅबही पुष्कळदा मेलेला नसतो.

आकाश-२ मध्ये ऑलविनर कंपनीची ए-१३ ही चिप होती. बिननावाच्या स्वस्त टॅबमध्येही ऑलविनरच्या चिपा फार सापडतात. त्यांच्यासाठी विंडोज संगणकावर 'फिनिक्ससूट' नावाची आज्ञावली लागते. ती उघडून त्या टॅबच्या मूळ प्रणालीची फाइल निवडावी. टॅब बंद ठेवून आवाजाचे बटण दाबून धरावे आणि तसेच धरून केबल जोडावी. मग चालू करण्याचे बटण भराभर दहाएक वेळा दाबावे. संगणक 'सर्व पुसायचे काय?' असे विचारतो. होकार दिला की काम सुरू होते आणि काही मिनिटांत संपते. लेनोव्होने ग्राहकांसाठी स्वतःची दुरुस्तीची आज्ञावली दिली आहे. ती टॅब ओळखून योग्य फाइल स्वतःच उतरवते. ॲपलच्या आयपॅडमध्ये संगणक 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय देतो. आधी 'अपडेट' निवडावे. त्यात माहिती न पुसता प्रणाली नव्याने भरण्याचा प्रयत्न होतो. 'रिस्टोअर' मात्र सारे पुसते.

या कामात चार पथ्ये पाळावीत.

एक, फाइल नेमकी त्याच मॉडेलची हवी. मॉडेल क्रमांक टॅबच्या पाठीवर किंवा खोक्यावर असतो. जवळपासच्या मॉडेलची फाइल घातली, तर पडदा उलटा दिसतो, स्पर्श मरतो, नाहीतर टॅब पुरताच बसतो. शक्यतो कंपनीकडूनच फाइल घ्यावी. अनोळखी ठिकाणच्या फाइलमध्ये चोरीची आज्ञावलीही असू शकते.

दोन, वीज. भरत असताना मध्येच वीज गेली तर अर्धवट भरलेली प्रणाली राहते. आपल्या गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून बॅटरी असलेल्या लॅपटॉपवरच काम करावे आणि टॅबही निम्म्याहून अधिक चार्ज असावा.

तीन, केबल. काही स्वस्त केबली केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांतून माहिती जात नाही. संगणकाला टॅब 'दिसत' नसेल, तर आधी केबल बदलावी.

चार, गूगल खाते. २०१५ सालच्या अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरुद्ध एक कुलूप आले आहे. रिकव्हरीतून टॅब पुसला की तो आधीच्याच गूगल खात्याचे नाव आणि पासवर्ड मागतो. म्हणून ते दोन्ही घरातल्या वहीत लिहून ठेवावे. मुलाने खाते उघडले, मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि इकडे टॅब कुलूपबंद, असे होऊ नये. जुना टॅब विकत घेताना मूळ मालकाला समोर बसवून त्याचे खाते सेटिंगमधून काढायला लावावे. खाते न काढलेला टॅब स्वस्त पडला तरी घेऊ नये. तो चोरीचाही असू शकतो.

शाळेने, संस्थेने किंवा सरकारी योजनेतून मिळालेल्या टॅबची गोष्ट निराळी. त्यात संस्थेची नियंत्रण-प्रणाली असू शकते. तो स्वतः पुसू नये. संस्थेला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. 'तोंडी सांगितले होते' याला कचेरीत किंमत नसते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक?

आता प्रश्न उरतो संगणकाचा. तो घरोघरी नाही. पण नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव येथे संगणक वर्ग आहेत, आपल्या समाजातली शिकलेली मुले-मुली आहेत. एकाकडे लॅपटॉप असला तरी गावाचे काम होते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर ही शिकवणी का घेऊ नये? मूळ प्रणालीच्या फाइली मोठ्या असतात. खोऱ्यातल्या गावात त्या उतरवणे कठीण जाते, म्हणून बाजाराच्या दिवशी मोठ्या गावातून पेनड्राइव्हवर आणाव्यात. शिकवणीत मुलींना पुढे बसवावे. 'यंत्राचे काम पोराचे' ही समजूत आपल्या घरातून जायला हवी. अंगणवाडीतल्या भगिनी रोज यंत्रावरच काम करतात.

आणि टॅब पुसण्याची वेळ येण्याआधीच, प्रत्येक पौर्णिमेला घरातल्या टॅबची प्रत काढण्याचा नेम ठेवावा. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हापासूनच आरंभ करता येईल. तारीख लक्षात राहण्याची चिंता नको.

जुन्नरच्या डोंगरांत आपल्या पूर्वजांनी कोरलेली लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत बांबूचे काम करणारे आणि काशाची भांडी घडवणारे अशा कारागिरांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. भिक्खुसंघासाठी दिलेले दान त्यांच्यापाशी विश्वासाने ठेवले जाई. हाताने काम करणाऱ्यांचे ते संघटित समूह होते, आणि त्यांच्या शब्दाला पत होती. बांबू आणि काशाच्या जागी आज केबल आणि पेनड्राइव्ह आले आहेत, एवढाच फरक. आपल्या गावात अशी चार मुले-मुली तयार झाली, तर अर्जाच्या मुदतीच्या आठवड्यात कोणत्याही माउलीला बंद टॅब घेऊन रडत परतावे लागणार नाही.

येत्या रविवारी विहारात येताना एक पेनड्राइव्ह आणि एक चांगली केबल बरोबर आणा. सुरुवात आजीच्या ओव्यांपासून करा.

नमो बुद्धाय! जय भीम!