फाइलला कसला आलाय पासपोर्ट?

‘हे पुस्तक तुमच्या देशात उपलब्ध नाही.’ ईबुकच्या दुकानातलं हे वाक्य धादांत खोटं आहे. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: फाइल सर्व्हरवर तयार असते, मुंबईत उतरायला तिला काही सेकंद पुरतात. आडवी येते ती कोडमधली एक ‘इफ’ची ओळ. खात्यातला देश यादीत नसेल, तर विक्री बंद.

यादी येते करारांतून. इंग्रजी पुस्तकांचे हक्क देशवार वाटले जातात: अमेरिका एकाकडे, ब्रिटन आणि राष्ट्रकुल दुसऱ्याकडे. भारत बहुधा दुसऱ्या वाट्यात. तो वाटा कुणी घेतलाच नाही, तर आपण पैसे हातात घेऊन दाराबाहेर.

कागदी पुस्तकाला हा जाच नाही. सुपाप किर्तसेंग या विद्यार्थ्याने थायलंडमधून मागवलेली पाठ्यपुस्तकं अमेरिकेत विकली. प्रकाशक कोर्टात गेला. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याची बाजू घेतली: परदेशात रीतसर विकत घेतलेली प्रतही मालक पुन्हा विकू शकतो. ईबुकची मात्र प्रत नाही, नुसता परवाना मिळतो. युरोपीय संघाने २०१८ मध्ये जिओब्लॉकिंगविरोधी नियम लागू केला. त्यातूनही ईबुकं वगळली.

‘स्थानिक प्रकाशक जगायला हवा,’ हे रास्तच. तो जिथे आहे, तिथे त्याचीच आवृत्ती विका. जिथे नाही, तिथे मूळ आवृत्ती विकायची अट करारात घाला. बंद दाराने कुणाचं पोट भरतं? लेखकाचं तर नाहीच. वाचक शेवटी पायरेटेड फाइल शोधतो, आणि वर त्यालाच चोर म्हणायचं!