हाताला चाळा हवा

वाकळीवर निजलेलं लेकरू झोप लागेपर्यंत धावदोऱ्यावरून बोट फिरवत राहतं. एक टाका, मग बारीकसा खळगा, पुन्हा टाका. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या वाढोण्यात, आजीच्या मऊ लुगड्याची अशी एखादी वाकळ अजून घरोघर निघते. स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांसाठी ‘सेन्सरी’ म्हणून ज्या वस्तू विकत मिळतात, त्या बोटांना हेच देतात.

2017 साली फिजेट स्पिनरनं जगभर धुमाकूळ घातला आणि अनेक शाळांनी त्यावर बंदी आणली. ती चुकीची नव्हती. अतिचंचल मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. स्पिनर हातात असताना त्या मुलांचं वर्गातलं लक्ष आणखीच कमी झालेलं त्यात दिसलं. फिरणारी वस्तू नजर खेचते. याउलट ब्रिटनच्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी 2009 मध्ये 40 जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. ऐकता ऐकता कागदावरच्या आकृत्या रंगवत बसलेल्यांना इतरांपेक्षा 29 टक्के जास्त आठवलं.

तेव्हा चाळा हाताचा असावा, डोळ्यांचा नको. त्याचा आवाज होऊ नये, तो एका मुठीत मावावा, धुता यावा.

या भागात अशा वस्तूंना तोटा नाही. बंजारा तांड्यावरच्या फेटिया-कांचळीवरची, म्हणजे घागरा-चोळीवरची, कवडीच घ्या. पाठ गुळगुळीत, पोटाला दातेरी फट. जाड दोरीत सैल ओवली की अंगठ्याला दोन्ही पोत आलटून पालटून मिळतात. त्याच भरतकामातले आरसे मात्र वगळावेत. ते काचेचे, शिवाय चमकणारे. सरकी किंवा चिंचोके दुहेरी शिवणीच्या पुरचुंडीत भरून वर काढता येईल अशी खोळ घालावी. सुट्ट्या बिया आणि कवड्या तीन वर्षांखालच्या किंवा सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला देऊच नयेत, घशात अडकतात. आणि गुंजा कितीही देखण्या असल्या तरी घरात आणू नयेत: एक चावली गेली तरी जिवावर बेतू शकतं. एरंडीही तशीच विषारी.

पोत ठरवायचा तो मुलानंच. घोंगडीचा खरखरीतपणा एकाला शांत करतो, दुसरा त्यानं रडकुंडीला येतो. शिंप्याकडून कॉर्डुरॉय, मखमल, खादी, साटिनच्या चिंध्या आणाव्यात, बाजेवर पसराव्यात आणि काही न बोलता बघत बसावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हात ज्या तुकड्याकडे परत परत जातो, तो खरा. कॉलर चघळणाऱ्या पोराला काय हवंय, हे त्याच्या ओल्या कॉलरीनं आधीच सांगितलेलं असतं. त्याला चावता येईल असं काही द्यावं लागतं, मखमल नव्हे.

तुकडा ठरला की तो शाळेच्या चड्डीच्या खिशात आतून शिवून टाकावा. हरवत नाही, बाकावरून खाली पडत नाही, आणि फळ्याकडे बघणाऱ्या पोराचा हात खिशात काय करतोय हे शेजारच्यालाही कळत नाही.