गावाचे दप्तर गावाला का दिसत नाही?

महाराष्ट्रातील महसुली दप्तराचे संगणकीकरण हे सुप्रशासनाचे मोठे यश म्हणून सर्वत्र सांगितले जाते. ते यश आहे, याविषयी वाद नाही. मात्र ते नेमके कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. त्याचे शुल्क १५ रुपये. दिल्लीच्या द्वारका उपनगरातील घरी बसून मी सोलापूर जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा उतारा काही मिनिटांत काढतो. त्याच जमिनीत राबणारा माझा चुलतभाऊ मात्र वारसाची एक नोंद मार्गी लागावी म्हणून गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी पाच हेलपाटे घालून आला. उतारा त्यालाही मिळतो, सेवा केंद्रात सहज मिळतो. आपला अर्ज कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या त्रुटीसाठी अडला आहे आणि ती त्रुटी कोणत्या नियमाखाली काढली आहे, हे मात्र त्याला पाचही खेपांत कोणी लेखी सांगितले नाही.

माझे प्रतिपादन असे की, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दप्तर दूर राहणाऱ्या मालकाच्या जवळ आले आणि गावात राहणाऱ्या कसणाऱ्यापासून, मजुरापासून होते तितकेच दूर राहिले. परगावी स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना यातले पहिले अर्धे तेवढे दिसते, म्हणून आपण समाधानी आहोत. हे समाधान अनाठायी आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील हिशोब लगेच कळतो. सरकारी सेवेची किंमत म्हणजे पावतीवरचे शुल्क नव्हे. शुल्क, अधिक बसभाडे, अधिक बुडालेला रोज, अधिक 'साहेब आज बैठकीला गेलेत' या वाक्यामुळे पुन्हा कराव्या लागणाऱ्या खेपेची शक्यता, अशी ती बेरीज आहे. माझ्यासाठी ती १५ रुपयांच्या पुढे फारशी जात नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसासाठी शुल्क हा त्या बेरजेतील सर्वांत लहान आकडा असतो. ही वाढीव किंमत आणि माहितीची विषमता जिथे एकत्र येतात, तिथे दलाल उभा राहतो. त्याला नीतिमत्तेची व्याख्याने देऊन उपयोग नाही. तो माहिती विकतो. ती फुकट आणि उघड्यावर ठेवली की त्याचा धंदा आपोआप बसतो.

माहिती उघड्यावर ठेवण्याची कल्पना नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० पाहावे. तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घेतली की त्याच वेळी तिची संपूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावावी आणि हितसंबंधितांना लेखी कळवावे, अशी त्यात तरतूद आहे. संगणकाचे नाव खेड्यात कोणी ऐकले नव्हते, त्या काळचा हा कायदा आहे. त्याचे गृहीतक साधे होते: जमिनीची खरी साक्ष गावच देऊ शकते, म्हणून नोंद आधी गावाला दिसली पाहिजे. खोट्या फेरफारावर याहून स्वस्त नियंत्रण आजवर कोणी शोधलेले नाही. तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. पदनाम बदलले तरी कलम १५० मधले कर्तव्य तेच आहे. वाचकांनी पुढच्या वेळी गावी गेल्यावर चावडीच्या भिंतीकडे एकदा पाहावे आणि कर्तव्याचे काय झाले, ते स्वतः ठरवावे.

दुसरा कायदा २००५ चा माहिती अधिकार अधिनियम. तो आपल्याकडे 'अर्ज करण्याचा कायदा' म्हणून ओळखला जातो, ही त्याची शोकांतिका आहे. त्याचा गाभा कलम ४ मध्ये आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती १२० दिवसांच्या आत आपण होऊन प्रसिद्ध करावी आणि लोकांना या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागावा, असे ते कलम सांगते. ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा पद्धतीने द्यावी, असेही त्यात आहे. प्रसाराच्या साधनांत सूचना फलक आणि जाहीर घोषणा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे संकेतस्थळ हे अनेक साधनांपैकी एक आहे. आपण त्याला एकमेव साधन करून टाकले आणि फलक व दवंडी यांना मागासलेपणाच्या खुणा ठरवले.

आता ग्रामपंचायतीकडे वळू. ७३ व्या घटनादुरुस्तीला तीस वर्षे उलटून गेली. पंचायतीचे आराखडे आणि देयके आज ई-ग्रामस्वराजवर पाहता येतात, हे मान्य. परंतु 'रस्ता दुरुस्ती' या शीर्षकाखाली एक रक्कम खर्ची पडली, एवढे कळून गावकऱ्याला काय तपासता येणार? कोणता रस्ता, किती लांबीचा, किती ब्रास खडी, देयक कोणाच्या नावाने, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले आहे, हे कळले तरच तो बांधावर उभा राहून खरे-खोटे करू शकतो. पडद्यावर बेरीज दिसते. ज्या कागदावर चोरी पकडता येते, तो कागद अजूनही कपाटात असतो.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावी जनसुनावणी घेतली, तेव्हा नेमके हेच कागद भर सभेत वाचून दाखवले गेले. गावाला अक्षरे वाचता येत नसली तरी कोण जिवंत, कोण मेलेले आणि कोणती भिंत उभीच राहिली नाही, हे पाठ होते. कागद आणि गावाची स्मृती समोरासमोर आली की निकाल लागायला वेळ लागत नाही. १९९६ मधील ब्यावरच्या चाळीस दिवसांच्या धरण्यातून ही मागणी देशापुढे आली आणि पुढे तिचा कायदा झाला. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, २००२ चा म्हणून ओळखला जाणारा आपला कायदा केला होता. त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. ज्या राज्याने वाट दाखवली, त्या राज्याने भिंती कोऱ्या ठेवाव्यात, हे शोभत नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला: आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. मोबाईल आहे, पण मागितलेली माहिती आणि समोर असलेली माहिती यांत फरक असतो. आपल्या नावावर न मिळालेले घरकुल दाखवले आहे, हे ज्याला माहीतच नाही, तो त्याचा शोध कशाला घेईल? भिंतीवरची यादी पारावर बसलेल्या दहा जणांना एकाच वेळी दिसते आणि त्यांतला एक तरी बोलतो.

दुसरा आक्षेप: कर्मचारी अपुरे आहेत, एकेका सजात अनेक गावे येतात. हे अगदी खरे आहे. म्हणूनच कागद लावून टाकावेत. एकाच प्रश्नाचे उत्तर शंभर जणांना स्वतंत्रपणे देण्यापेक्षा ते एकदा भिंतीवर लिहिणे कमी श्रमाचे असते.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो सध्या सर्वांत धोक्याचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ज) बदलले आणि 'वैयक्तिक माहिती' सरसकट अपवादात टाकली. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. त्यानंतर लाभार्थ्याचे नाव ही वैयक्तिक बाब आहे, असे सांगून यादी नाकारणे कनिष्ठ कार्यालयांना सोपे झाले. त्यांना दोन गोष्टींची आठवण करून द्यावी लागेल. अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील प्रसिद्ध करण्याचे कलम ४ मधील बंधन कायम आहे, आणि कलम ८(२) मधील व्यापक जनहिताची कसोटीही कायम आहे. आधार क्रमांक, बँक खाते, आजारपण झाकावेच. सार्वजनिक पैशातून कोणाला किती मिळाले, हे झाकण्याचे कारण नाही.

मी राहतो त्या द्वारकेतही हाच धडा आहे. पोचनपूर, अंबरहाई, बागडोला ही जुनी गावे आज या उपनगराच्या पोटात आहेत. त्यांच्या शेतांच्या नोंदी होत्या. पण लाल डोऱ्याच्या आतील घरांची स्वतंत्र महसुली नोंद पिढ्यान्‌पिढ्या झाली नाही. आपल्याकडील अनेक लहान गावांच्या गावठाणांची स्थिती हीच होती. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद, तोच मालकीचा मानून लोक जगत आले. २०२० च्या स्वामित्व योजनेने ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यास आरंभ केला, हे स्वागतार्ह आहे. पण तो नकाशा अंतिम होण्यापूर्वी गावात उघडा मांडला गेला नाही, तर जुना वाद नव्या कागदावर पक्का होईल, इतकेच.

केंद्रीय सेवेतील आचरण नियमांप्रमाणे शासकीय धोरणावर जाहीर टीका करण्यास मला मनाई आहे. शासनाने स्वतः केलेला कायदा पाळावा, असे म्हणणे ही टीका होत नाही, अशी माझी समजूत आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपण उन्हाळ्यात, गणपतीत, जत्रेला गावी जातो. आपल्या शब्दाला तिथे थोडेफार वजन असते. त्या वजनाचा उपयोग आपल्या उताऱ्यापुरता करू नये. ग्रामसभेत चार कागदांची मागणी करावी: चालू फेरफारांची यादी, योजनावार लाभार्थी यादी, प्रत्येक कामाचे मोजमाप व देयक, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालील सेवांचा मुदतीसह तक्ता, त्यात अपील कोणाकडे करायचे त्या अधिकाऱ्याच्या पदनामासह. हे चार कागद दर महिन्याला भिंतीवर लागावेत आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत, असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा. ठरावाची नक्कल मात्र आपल्या खिशात घालून परत येऊ नये. ती गावातल्या अशा माणसाकडे द्यावी, जो पुढच्या महिन्यात भिंत कोरी दिसली तर विचारायला तिथे हजर असेल.