भाडे कुणाच्या हातात?

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, चार पैसे साठलेत. सोनं घेऊ, की एक खोली बांधून भाड्यानं देऊ?’ आपण कार्यकर्त्या त्याला बगल देतो. घरमालकी, भाडे हे शब्द आपल्याला चळवळीबाहेरचे वाटतात. मग उत्तर देतो एजंट, नाहीतर दीर!

हा प्रश्न आपलाच आहे, आणि सोलापुरात तर त्याला इतिहास आहे. कॉ. गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था केली, वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि २००६ साली कुंभारीला दहा हजार घरे मिळवली. तीही बायकांच्या नावावर. ही घरे राहण्यासाठी होती, भाडे कमावण्यासाठी नव्हे. पण हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेणारी बाई घराच्या कागदावर येऊ शकते, हे त्या लढ्याने दाखवले.

आता कागदावरचे नाव स्वस्तही झाले आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे घरोघरी बायकोच्या नावाचा साक्षात्कार होऊ लागला. सवलत तिच्या नावाने, भाडेकरू ठरवणार तो, अनामत मोजून घेणार तो, आणि सही करताना तिला सांगणार, ‘इथं कर.’ याला मालकी म्हणायचे का?

म्हणून खोली बांधण्याआधी हिशेब बाईनेच मांडावा. समजा, महिना तीन हजार भाडे येईल. वर्षाचे छत्तीस हजार झाले म्हणून हुरळू नये. दोन महिने खोली रिकामी राहिली तर तीसच. त्यातून घरपट्टी, पाणीपट्टी, गळक्या छताची डागडुजी. हप्ता याहून मोठा असेल तर ती खोली तुम्हाला पोसणार नाही, तुम्ही तिला पोसाल. त्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकू नका.

करार तोंडी नको, नुसता नोटरीचाही नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास शिक्षा आहे, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. नाव बायकोचे असेल तर जबाबदार तीच ठरते, पैसे कुणीही खाल्लेले असोत. तेव्हा भाडे तिच्याच बँक खात्यात जमा झाले पाहिजे. यावर घरात भांडण होईल. होऊ द्या.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. परित्यक्ता बाई खोली मागायला आली की पहिला प्रश्न येतो, ‘नवरा कुठाय?’ मग आडनाव विचारून जात काढली जाते. हे विचारणाऱ्या पुष्कळदा बायकाच असतात, आपल्या बैठकीला येणाऱ्यासुद्धा. मालकीण झालेल्या बाईने मालकाचीच री ओढायची असेल, तर कुंभारीचे मोर्चे कशाला सांगायचे?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घराची घरपट्टीची पावती आणावी. मालकाच्या रकान्यात कुणाचे नाव आहे, ते मोठ्याने वाचू या. कार्यकर्त्यांच्या पावत्या आधी.