एकशेचाळिसावा समास कुठे?

मुलांनो, आमचं जांब म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. (जन्म १६०८.) त्यांच्या दासबोधात २० दशक, प्रत्येकात १० समास. समजा, संगणकात २०० समासांची नुसती सरळ यादी आहे. तिचा २० ओळी, १० रकाने असा तक्ता करायचाय.

१३७ वा समास कुठे बसेल? १० ने भागा. भागाकार १३, बाकी ७. म्हणजे दशक १४, समास ७. सोप्पं!

आणि १४० वा? बाकी शून्य! इथेच वर्गात सगळे अडले. म्हणून आधी १ वजा करायचा. १३९ ला भागलं की १३, बाकी ९. दोन्हींत १ मिळवा : दशक १४, समास १०. पायथन भाषा मुळातच शून्यापासून मोजते, तिला ही कसरत लागत नाही.

आता तुम्ही सांगा. मनाचे श्लोक २०५, प्रत्येकाचे ४ चरण. तर ६१४ वा चरण कितव्या श्लोकातला, कितवा? उत्तर पुढच्या अंकात.