दुरुस्तीचे अर्थशास्त्र

समोरून धक्का बसून नाक चेपलेली जुनी मोटार दुरुस्त करावी की भंगारात घालावी, हा प्रश्न केवळ मालक आणि विमा कंपनी यांच्यातला मानला जातो. दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या बाजारभावाजवळ गेला की ती ‘संपूर्ण हानी’ म्हणून निकालात काढावयाची, हा विमा कंपनीचा हिशेब. तो चुकीचा नाही. पण अपुरा आहे. ब्रिटनमधील ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स मोटारीचा इतिहास याची साक्ष देतो.

१९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा सुमारे पाच लाख मोटारी बाहेर पडल्या. त्या बेताच्या किमतीच्या असल्याने केवळ धनिकांची चैन नव्हत्या. या मोटारीला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याची कायाच सारा भार वाहते. मात्र पुढची मडगार्डे व बॉनेट बोल्टांनी बसविलेली असतात. धक्का तेवढ्यावर निभावला तर ती उतरवून ठोकता किंवा बदलता येतात. तो आतल्या, वेल्डिंगने जोडलेल्या भागांपर्यंत पोहोचला, तर संपूर्ण काया पक्क्या चौकटीवर बांधून, मापे घेत, ओढून सरळ करावी लागते.

खरा कस येथेच लागतो. चेपलेला पत्रा ताणला गेलेला असतो. कुशल कारागीर मागे लोखंडी ठोकळा धरून तो हलक्या हाताने ठोकतो आणि उष्णता देऊन आकसवितो. घाईचा कारागीर खळग्यात पुट्टी भरून रंग देतो. दोन्ही कामे प्रथमदर्शनी सारखीच दिसतात. पण पुट्टीला तडा जाऊन आत पाणी शिरले की पत्रा गंजू लागतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, ग्राहकाला बरेवाईट पारखता आले नाही, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावून लावतो. कारागिरीच्या बाबतीतही हेच घडते.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. उत्पादन थांबल्यावर पत्रे दाबण्याच्या अवजड साच्यांना हिशेबाच्या वहीत भंगाराचीच किंमत उरते. परंतु १९७५ साली स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेने मूळ साचे वापरून १९८८ मध्ये एमजीबीची संपूर्ण काया पुन्हा तयार करण्यास सुरुवात केली. पुढे १९९२ मध्ये रोव्हर कंपनीने याच कायेच्या आधारे ‘आरव्ही ८’ ही नवी मोटार बाजारात आणली. कालबाह्य ठरलेले साचे पुन्हा भांडवल ठरले.

हे सारे मूठभर हौशी लोकांचे स्मरणरंजन आहे, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे; पण ते अर्धेच. साचे जपण्याचा लाभ हजारो मालकांत विखुरलेला असतो, त्यामुळे कोणा एकाला तो खर्च परवडत नाही. म्हणूनच संस्थेची गरज भासते.

आणि साचे तरी गोदामात ठेवता येतात. पत्रा ओळखणारा हात तसा ठेवता येत नाही. जाणत्या कारागिराच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार उभा राहिला तरच तो पुढच्या पिढीला मिळतो. दुरुस्तीच्या बिलात मजुरीचा आकडा मोठा दिसतो, तेव्हा त्यात या शिक्षणाचाही वाटा असतो, हे बिल देणाऱ्याने आणि विमा कंपनीनेही ध्यानात घ्यावे.