मण्यांचा नेम

फावल्या वेळी हाताला काही काम असावे असे वाटणारी माणसे पुष्कळ असतात. परंतु ‘करावे तरी काय?’ या प्रश्नापाशीच त्यांचा उत्साह ओसरतो. हौसेने साहित्य आणले जाते, दोन दिवस त्याचा नाद चालतो आणि मग ते कपाटाच्या तळाशी जाऊन बसते. आज ज्या पदार्थाची ओळख करून द्यावयाची आहे, त्याच्या बाबतीत हे भय विशेष आहे. म्हणून पदार्थासोबत, तो हाताळताना पाळावयाच्या नेमांचाही आपण विचार करू.

हा पदार्थ म्हणजे पॉलिमर क्ले. नाव मातीचे असले तरी ही कुंभाराची माती नव्हे. पाण्याच्या नळांसाठी जे पी. व्ही. सी. वापरतात, त्याचीच बारीक भुकटी, तिला मऊपणा आणणारे द्रव्य आणि रंग यांचे हे मिश्रण होय. ते हवेने वाळत नाही. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे, सामान्यतः ११० ते १३५ अंश सेल्सियस उष्णतेत भाजले की भुकटीचे कण एकमेकांत मिसळून टणक होतात. जर्मनीत बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या केटे क्रुझे यांच्या कन्येने असे एक मिश्रण सिद्ध केले. ते १९६४ साली एबरहार्ड फाबर कंपनीकडे गेले आणि ‘फिमो’ या नावाने जगभर पोहोचले. मुलांचे खेळणे म्हणून आलेल्या या पदार्थाची योग्यता पुढे इतकी वाढली की, २०११ साली अमेरिकेतील रसीन आर्ट म्युझियमने त्यातील कलाकृतींचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले.

या पदार्थाचा गुण तोच त्याचा दोष आहे. तो कशालाही नाही म्हणत नाही. पोवळे, हस्तिदंत, लाकूड, धातू, ज्याचे म्हणाल त्याचे सोंग तो घेतो. त्यामुळे करणारा नकलेतच रमतो आणि स्वतःचे असे काही घडवीतच नाही. ज्याला सर्व वाटा मोकळ्या आहेत, त्याने आपण होऊन एखादी वाट बंद करून घ्यावी. ठिकठिकाणचे कारागीर स्वतःला आव्हाने घालून घेतात, ती याचसाठी. पुढील चार नेम कोणासही पाळता येतील.

पहिला नेम रंगाचा. पांढरा आणि आणखी एकच रंग घ्यावा व त्यांतून सात मणी करावेत. कोणत्याही दोहोंची छटा वा घडण सारखी नसावी. भोक भाजण्यापूर्वीच सुईने पाडावे. सुई अर्ध्यापर्यंत घालून काढावी आणि मग दुसऱ्या बाजूने घालावी, म्हणजे कडा फाटत नाहीत.

दुसरा नेम उंड्याचा. अळूवडी करणाऱ्या गृहिणीला तो शिकवावा लागणार नाही. दोन रंगांच्या पोळ्या एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळाव्यात आणि उंड्याच्या चकत्या कापाव्यात; प्रत्येकीत तीच नक्षी दिसेल. उंडा हलक्या हाताने दाबून लांबविला की नक्षी तीच राहते, परंतु आकाराने लहान होते. या चकत्यांनी मढविलेले दहा मणी अगदी एकसारखे करून पाहावेत. निराळेपणा सोपा असतो. सारखेपणाला हात तयार लागतो.

तिसरा नेम उरल्यासुरल्याचा. सर्व तुकडे एकत्र पिळून त्यांची चौकोनी कांडी करावी, ती उभी चिरावी आणि पुस्तकासारखी उघडावी. दोन्ही बाजूंस परस्परांचे प्रतिबिंब दिसेल. आत काय निघेल हे आधी ठरविता येत नाही. जे निघेल त्याचाच मणी करावयाचा.

चौथा नेम पात्राचा. काचेची लहान बाटली बाहेरून मढवून भाजावी. काच आतच राहू द्यावी. मग तोंडावर टाल्कम भुकटीचा पातळ थर देऊन त्यावरच झाकण घडवावे आणि पुन्हा भाजावे. हा पदार्थ अनेकदा भाजता येतो, म्हणून हे साधते. झाकण नीट बसेल त्या दिवशी आपली खरी परीक्षा उतरली असे समजावे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली पाहिजेत. अशा पात्रात अन्न वा पाणी ठेवू नये; त्यात सुया, बटणे ठेवावीत. यासाठी वापरलेली लाटणी-सुऱ्या पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत. भट्टीची उष्णता वेगळ्या तापमापकाने पाहावी, कारण पदार्थ जळला तर घातक वायू निघतो. तसे झाल्यास भट्टी बंद करून खिडक्या उघडाव्यात. मऊपणा आणणाऱ्या काही द्रव्यांवर मुलांच्या खेळण्यांच्या बाबतीत युरोपने २००५ साली व अमेरिकेने २००८ साली निर्बंध घातले. म्हणून मुलांसाठी घेताना पाकिटावर ‘फ्थॅलेट-विरहित’ असा उल्लेख आहे की नाही, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. कुंभाराचे कच्चे मडके बिघडले तर पाण्यात विरघळून पुन्हा माती होते. हा पदार्थ एकदा भाजला की मातीत मिसळत नाही; आपण केलेला वाईट मणीही आपल्यामागे उरतो. म्हणून मनास येईपर्यंत मोडावे, पुन्हा मळावे, आणि ठेवण्याजोगे झाले तरच भट्टीत घालावे. शंभर मणी भाजण्यापेक्षा सात मणी मनापासून करून एका दोऱ्यात ओवणे अधिक चांगले. वाचकांनी या महिन्यात पहिला नेम तरी करून पाहावा.